दवाखान्याचं बिल भरती होतानाच ठरतं

मराठवाड्यात मोठ्या आजारपणाचा पैसा कुठून उभा राहतो, हे सगळ्यांना माहीत आहे. सोयाबीनची पट्टी, बायकोच्या अंगावरचं सोनं, सोसायटीचं कर्ज, आणि तेवढ्यानं भागलं नाही की सावकार. मग डिस्चार्जच्या दिवशी घरचे पाच-सहा जण काउंटरपुढं उभे राहतात. 'साहेब, शेतकरी माणसं आहोत, काहीतरी कमी करा' म्हणतात. कुणीतरी गावच्या पुढाऱ्याला फोन लावून देतं. त्यातून पाच-दहा हजार सुटतातही. पण तोवर मोठा पैसा हातचा गेलेला असतो. पेशंट कुठल्या दवाखान्यात नेला, डिपॉझिट भरण्याआधी कुणाला काय विचारलं, खोली कुठली घेतली, रेशन कार्ड सोबत होतं की घरी पेटीत राहिलं, यावर बिलाचा बराचसा आकडा ठरतो. आणि हे सगळं पहिल्या काही तासांत घडतं, जेव्हा घरच्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. म्हणूनच ते आजारपण नसताना वाचून ठेवावं.

रेशन कार्ड म्हणजेच विमा

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेला आपल्याकडं अजून 'जीवनदायी'च म्हणतात, कारण २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली. पहिल्या आठ जिल्ह्यांत मराठवाड्यातून एकटं नांदेड होतं. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये नाव बदललं. सुरुवातीला ती पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती. नंतर शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या १४ जिल्ह्यांतले पांढऱ्या कार्डाचे शेतकरीही त्यात घेतले; त्या चौदांत मराठवाड्याचे आठच्या आठ जिल्हे होते. जुलै २०२४ पासून रंगाचा प्रश्नच मिटला. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही कार्ड चालतं, आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखाऐवजी ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात.

तरीही 'आपलं कार्ड पांढरं आहे, आपल्याला काही मिळत नाही' हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. नोकरीवाले आणि बऱ्यापैकी बागायतदार तर चौकशीसुद्धा करत नाहीत. ती करावी.

ही योजना सर्दी-तापासाठी किंवा ओपीडीच्या तपासणीसाठी नाही. भरती होऊन करायच्या ठरावीक उपचारांची यादी असते. २०२४ च्या विस्तारात ती १,३५६ उपचारांची होती. अँजिओप्लास्टी, बायपास, डायलिसिस, केमोथेरपी, हाडांची ऑपरेशनं, मुतखडा, भाजलेले पेशंट, काचेच्या पेटीतली लेकरं, असं बरंच काही तिच्यात येतं. प्रत्येक उपचाराचं एक पॅकेज ठरलेलं असतं आणि त्या पॅकेजचे पैसे दवाखान्याला योजनेतून मिळतात. खाट, ऑपरेशन, तपासण्या, औषधं, पेशंटचं जेवण, घरी जायचं एका वेळचं भाडं आणि डिस्चार्जनंतरच्या दहा दिवसांचा पाठपुरावा हे सगळं पॅकेजच्या आत असतं. म्हणजे योजनेत असलेल्या पेशंटकडून 'हे इंजेक्शन तेवढं बाहेरून आणा' किंवा 'वरचे वीस हजार द्या' असं म्हणता येत नाही.

अडचण कुठं येते ते जरा सविस्तर सांगतो, कारण माणसं इथंच फसतात.

दवाखान्याच्या दारावर योजनेचा बोर्ड आहे, म्हणजे आतले सगळे आजार योजनेत, असं नसतं. दवाखाना विभागवार जोडलेला असतो. एखाद्या ठिकाणी हाडांचं ऑपरेशन योजनेत होईल, हृदयाचं नाही. त्यामुळे 'तुमच्याकडं योजना आहे का?' हा प्रश्न अर्धवट आहे. 'आमच्या पेशंटला हा आजार आहे, हे ऑपरेशन तुमच्याकडं योजनेत होतं का?' असं विचारायचं. विचारायचं कुणाला? रिसेप्शनला नाही. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. त्याचं टेबल बहुधा प्रवेशद्वाराजवळ असतं. त्याला गाठायचं. निघण्याआधी घरूनही १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या नंबरवर विचारता येतं.

आरोग्यमित्र कागद बघतो, डॉक्टर तपासतात, मग उपचाराची मंजुरी ऑनलाइन मागितली जाते आणि ती आल्यावर ऑपरेशन होतं. या क्रमात पेशंटनं आधी पैसे भरून नंतर परत घ्यायचे, अशी सोयच नाही. 'आत्ता पन्नास हजार भरा, योजनेचं मागून बघू' असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबून आरोग्यमित्राला बोलवावं. रोखीचा पेशंट म्हणून ऑपरेशन होऊन गेलं की मागाहून त्याला योजनेत बसवणं जवळपास अशक्य होतं. ॲक्सिडेंट, हार्ट अटॅक अशा तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर दिले तरी चालतात. 'कार्ड आणा, मगच हात लावू' हे तातडीच्या पेशंटला लागू नाही.

दुसरं दुखणं कागदांचं. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली असते आणि तिचं नाव माहेरच्या कार्डातून निघालेलं, सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. आधारवर 'ज्ञानोबा', कार्डावर 'ग्यानोबा'. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब साखर कारखान्यावर आणि कार्ड गावात शेजाऱ्याकडं. पोरगा पुण्यात कंपनीत, त्याचं वेगळं कार्ड कधी केलेलंच नाही. यातली एकेक गोष्ट तहसीलच्या पुरवठा विभागात दोन-तीन चकरांत दुरुस्त होते, पण पेशंट आयसीयूत असताना ती दुरुस्त करायला निघालेला माणूस मी पाहिलाय; त्याची दशा बघवत नाही. उन्हाळ्यात रानात काम नसतं तेव्हा हे उरकावं. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर आणि घरातल्या सगळ्यांच्या आधारचे फोटो दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये असू द्यावेत. आशाताईंना विचारून किंवा सेतू केंद्रात आयुष्मान कार्डही काढून ठेवावं.

घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल तर आणखी एक दार उघडं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकार ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला 'आयुष्मान वय वंदना' कार्ड देतं. उत्पन्नाची अट नाही, आधारवर काम होतं, आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. दोघंही म्हातारे असतील तर ती रक्कम दोघांत मिळून. निवृत्त शिक्षक, माजी सरपंच, जमीनदार, सगळेच यात बसतात.

नांदेड, देगलूर, बिलोलीकडच्या लोकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिकडं पेशंट जरा बिघडला की गाडी थेट हैदराबादला निघते. फुले योजना राज्याच्या हद्दीबाहेर तिथं कामाला येत नाही. केंद्राच्या आयुष्मान यादीत ज्यांचं नाव आहे त्यांचं कार्ड देशभर चालतं. १४५५५ वर फोन करून आपलं नाव आहे का ते कळतं. नाव नसेल तर हैदराबादचं बिल पूर्ण खिशातून जाणार, हे समजूनच गाडीत बसायचं. लातूर, धाराशिवचे लोक सोलापूर-बार्शीकडं जातात, त्यांना ही अडचण नाही.

सरकारी दवाखाना, नाक न मुरडता

ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासणी, भरती असं सगळं मोफत आहे. मेडिकल कॉलेजं वेगळ्या खात्याखाली येतात. संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ (स्वाराती), लातूर आणि नांदेडची कॉलेजं इथं थोडी फी लागते, पण ती खासगीच्या मानानं किरकोळ. शिवाय हीच कॉलेजं फुले योजनेतही आहेत.

या दवाखान्यांचे हाल कुणापासून लपलेले नाहीत. नांदेडला २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस २४ तासांत २४ पेशंट दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. सगळ्या देशानं ती बातमी पाहिली. त्यामुळे 'डोळे झाकून सरकारीत जा' असं मी म्हणणार नाही. पण काही कामांसाठी सरकारी दवाखाना हीच शहाणपणाची जागा आहे. साप चावला तर पहिली धाव तिथंच घ्यावी: प्रतिविष फुकट, आणि पावसाळ्यात रोज असे पेशंट बघणारे डॉक्टर. तीच गोष्ट कुत्रं चावल्यावरच्या लसीची. बाळंतपण, सिझेरियनसकट, मोफत आहे. औषधं, रक्त, जेवण आणि घरी सोडणारी गाडीही त्यातच, आणि बाळाचे एक वर्षापर्यंतचे आजारही. कॅन्सरसाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईला जाण्याआधी तिथं दाखवलं तर बऱ्याच वेळा मुंबईची गरज उरत नाही. लेकराच्या हृदयाला छिद्र असेल तर अंगणवाडी-शाळेत तपासायला येणाऱ्या पथकाकडं नाव नोंदवावं. त्या कार्यक्रमातून १८ वर्षांखालच्या मुलांची ऑपरेशनं मोफत होतात. आणि १०८ ची गाडी फुकट आहे. खासगी ॲम्ब्युलन्सवाला बीडहून संभाजीनगरचे जे सांगेल ते देण्याआधी एक फोन तिला लावावा.

मोठ्या सरकारी दवाखान्यात औषध संपलं की हातात बाहेरची चिठ्ठी येते. ती घेऊन समोरच्या मेडिकलकडं पळण्याआधी वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकाला भेटावं. हे पद बहुतेकांना माहीतच नसतं. परिस्थितीनं अडलेल्या पेशंटला संस्था, ट्रस्ट, दानशूर लोकांकडून औषध-साहित्य मिळवून देणं हे त्यांच्या कामातच येतं.

ट्रस्टचा दवाखाना आणि मुंबईचा निधी

'ट्रस्टचा दवाखाना आहे, पण बिल तर खासगीसारखंच लावलं' ही तक्रार नेहमीची. तिच्यावर कायदा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयानं घालून दिलेली, १ सप्टेंबर २००६ पासून लागू असलेली योजना यांनुसार धर्मादाय दवाखान्याला १० टक्के खाटा निर्धनांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांतले २ टक्के वेगळ्या निधीत टाकावे लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. दुर्बल म्हटल्यावर साधारण निम्मं बिल माफ होतं.

ही सवलत कुणी आपणहून देत नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन दवाखान्यातल्या समाजसेवकाकडं पहिल्या दिवशीच अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. 'कोट्यातल्या खाटा भरल्यात' असं उत्तर आलं तर किती खाटा, किती भरल्या ते लेखी मागायचं आणि जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जायचं. लेखी म्हटलं की खाट मोकळी झाल्याची उदाहरणं कमी नाहीत. निर्धन पेशंट तातडीनं आला तर त्याच्याकडून डिपॉझिट मागता येत नाही, हेही त्याच योजनेत आहे.

योजनेत न बसणाऱ्या उपचारासाठी मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधी आहे. त्याला इस्टिमेट लागतं, खासगी दवाखाना असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही, चालू वर्षाचा १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, आणि पेशंट भरती असल्याचा ठिकाण-वेळ दाखवणारा फोटो. पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात जातात, म्हणून डिस्चार्ज झाल्यावर केलेला अर्ज वाया जातो. आता जिल्हाधिकारी कार्यालयातही या निधीचा कक्ष आहे, मंत्रालयाची वारी करायची गरज नाही. 'मी करून देतो, दहा टक्के द्या' म्हणणारे एजंट आहेत. अर्जाला एक रुपया लागत नाही.

उत्पन्नाचा दाखला दोन्हीकडं लागतो. तो काढायला दिवस जातात, म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये काढून ठेवलेला बरा.

खासगीतच जायचं असेल तर

आधी इस्टिमेट लेखी घ्यावं. तोंडी 'सत्तर-ऐंशीपर्यंत जाईल' याला अर्थ नसतो. लेखी इस्टिमेटमध्ये खोली, ऑपरेशन, भूल, औषधं आणि शरीरात बसवायची वस्तू वेगवेगळी दाखवलेली असावी. राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार खासगी दवाखान्यानं ठळक सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायची आहे. ती कुठं लावलीय ते पाहा. न दिसल्यास विचारा.

मग खोली. पाव्हणे भेटायला येणार, जनरल वॉर्डात कसं ठेवायचं, म्हणून आपण स्पेशल रूम घेतो. बऱ्याच दवाखान्यांत खोलीचा दर्जा वाढला की डॉक्टरच्या भेटीची फी, ऑपरेशनची फी, नर्सिंग, सगळंच त्याबरोबर वर जातं. ऑपरेशन थिएटर एकच, सर्जन तोच, टाके तेवढेच. दिवसाचं भाडं ५,००० च्या वर गेलं तर आयसीयू सोडून इतर खोल्यांवर ५ टक्के जीएसटीही लागतो.

विमा असणाऱ्यांना तर खोली फार महागात पडते. समजा पॉलिसी ३ लाखांची आहे आणि तिच्यात खोलीची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये आहे. तुम्ही ६,००० ची खोली चार दिवस घेतली. तुम्हाला वाटतं, वरचे तीन हजार गुणिले चार, म्हणजे बारा हजार आपण भरू, बाकीचं कंपनी भरेल. तसं होत नाही. मर्यादेच्या दुप्पट खोली घेतल्यामुळे कंपनी डॉक्टरची फी, सर्जनची फी, थिएटरचं भाडंही निम्मंच देते. हे ८० हजार झाले असतील तर ४० हजार तुमच्या अंगावर. औषधं आणि शरीरात बसवलेल्या वस्तूंवर ही कपात लागत नाही, ते २५ हजार धरा, पूर्ण मिळतील. जीएसटी बाजूला ठेवून हिशेब मांडला तर १ लाख २९ हजारांच्या बिलात कंपनीचे ७७ हजार आणि तुमचे ५२ हजार. बारा हजारांचाच फरक पडेल असं समजून घेतलेल्या खोलीनं बावन्न हजार काढले. पॉलिसी घेताना एजंटला हप्ता किती हे विचारतो तसं खोलीची मर्यादा किती हे विचारावं, आणि मर्यादा नसलेली पॉलिसी मिळत असेल तर थोडा जास्त हप्ता परवडतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेलाय, तेवढी जागा झालीच आहे. फॉर्म भरताना बीपी-शुगर लपवू नये. एजंट 'लिहू नका' म्हणतो, क्लेम नाकारला की तो फोन उचलत नाही. जुन्या आजारासाठी थांबायची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे.

हृदयात बसवायच्या स्टेंटबद्दल लोकांच्या मनात अजून लाख-दीड लाखाचा आकडा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली; तोवर तिची सरासरी छापील किंमत १ लाख २१ हजार होती. नंतर ती कमाल किंमत थोडीथोडी वाढलीय, पण आधीच्या लाखापर्यंत गेलेली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यावरही मर्यादा आली. बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवलेली असावी आणि तिचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेलं असावं. 'इंपोर्टेड आहे, म्हणून जास्त' हे कारण चालत नाही, मर्यादा दोन्हींना आहे.

मेडिकलची चिठ्ठी

दवाखान्यातल्याच मेडिकलमधून औषधं घ्यायची सक्ती करता येत नाही. अन्न व औषध प्रशासनानं तसा बोर्ड लावायलाही सांगितलंय. भरती पेशंटच्या तातडीच्या इंजेक्शनसाठी गावभर फिरू नये, पण रोज संध्याकाळी येणारी वापराच्या सामानाची लांबलचक यादी बाहेरून आणून बघावी. आणि न वापरलेलं सामान परत करून पावती घ्यावी. घरातल्या एकानं वहीत रोज लिहावं: किती सलाईन लागल्या, डॉक्टर किती वेळा आले, कुठल्या तपासण्या झाल्या. वही दिसली की बिलं जरा जपून बनतात, हा माझा तरी अनुभव आहे.

बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आयुष्यभराच्या. त्यांच्यासाठी जनऔषधी केंद्र गाठावं. तिथं औषध कंपनीच्या नावानं मिळत नाही, आतल्या घटकाच्या नावानं मिळतं: टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, ॲटॉर्व्हास्टॅटिन. डॉक्टरला घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम स्पष्ट अक्षरात लिहायला सांगावं. तीच गोळी ब्रँडच्या निम्म्याहून कमी पैशात मिळते, काही तर त्याहूनही स्वस्त. साध्या मेडिकलमध्येही 'जेनेरिक द्या' म्हटलं की देतात, पण तिथल्या बऱ्याच जेनेरिक पाकिटांवर छापील किंमत ब्रँडएवढीच असते. वीस टक्के सूट मिळाली म्हणून आपण खूश, आणि दुकानदाराचा नफा आपल्या बचतीपेक्षा मोठा. मिरगीच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या मात्र डॉक्टरला न विचारता बदलू नयेत.

सलाईनबद्दल एक सांगून टाकतो. 'अंगात ताकद नाही, एक बाटली लावा डॉक्टर' असं पेशंटच म्हणतो, आणि न लावणारा डॉक्टर गावात चालत नाही. त्या बाटलीत पाणी, मीठ आणि फार तर साखर असते. ज्याला तोंडानं खाता-पिता येतं त्याला तेच घरी मिळतं.

जे ऑपरेशन लागतच नव्हतं

सगळ्यात महाग बिल हेच. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीनं ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार बायकांमधल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, म्हणून गेलेल्या तिशी-पस्तिशीच्या बायकांना 'पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' असं सांगितलं गेलेलं होतं. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन ऑपरेशन, आणि ती फेडायला पुन्हा ऊसतोडीचा कोयता. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली.

म्हणून तातडीचं नसलेलं कुठलंही ऑपरेशन, पिशवीचं, मणक्याचं, गुडघ्याचं, ठरवण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं. शक्यतो दुसऱ्या शहरात, म्हणजे दोघांची ओळख नसेल. मेडिकल कॉलेजची ओपीडी यासाठी फार चांगली. तिथल्या डॉक्टरला तुमच्या ऑपरेशनमधून काही मिळायचं नसतं. जुन्या एमआरआयची फिल्म आणि रिपोर्ट सोबत न्यावेत, नाहीतर तोच एमआरआय पुन्हा निघतो. एखाद्या डॉक्टरनं 'याच लॅबमध्ये जा, दुसरीकडचा रिपोर्ट चालणार नाही' म्हटलं तर कारण विचारावं. पेशंट पाठवल्याचा 'कट' घेणं डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून मना आहे. तरी चालतं ते चालतंच.

बिल हातात आल्यावर

एकरकमी आकडा लिहिलेला कागद म्हणजे बिल नव्हे. बाबवार बिल मागावं आणि पैसे भरण्याआधी वहीशी ताडून पाहावं. डिस्चार्ज सकाळी सांगितला आणि दुपारी सुटी मिळाली तर दुसऱ्या दिवसाचं भाडं लागलंय का? ज्या दिवशी डॉक्टर आलेच नाहीत त्या दिवसाची भेट धरलीय का? ग्लोव्हजचे नग पेशंट किती दिवस होता त्याच्याशी जुळतात का? ओरडून काही होत नाही. बोट ठेवून एकेक ओळ विचारली की बिलिंगवाला स्वतःच दुरुस्त करतो. केसपेपरच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचा नियम आहे. आणि बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. असं झालं तर पोलिसांना बोलवायला कचरू नये.

योजनेच्या पेशंटकडून पैसे घेतले असतील तर १५५३८८ वर तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्यावा. दवाखान्याची नोंदणी महापालिकेकडं किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडं असते, तिथंही तक्रार कक्ष आहे. जास्तीचं बिल किंवा विमा कंपनीची टाळाटाळ असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या रकमेसाठी तिथं फी लागत नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि पावत्या अस्सल लागतात. बिना पावतीचे दिलेले पैसे तिथं मोजले जात नाहीत.